काळाच्या ओघात पडलेले घर

गेल्या फेब्रुवारीत बेळगावातील एका वाचनालयाच्या सभागृहात छायाचित्रांचे एक छोटेसे प्रदर्शन भरले होते. चोवीस छायाचित्रे, आणि सारी एकाच ओस पडलेल्या घराची. छायाचित्रकार माझा जुना विद्यार्थी. घर आमचे. प्रवेशद्वाराशी लावलेल्या फलकावरचे प्रास्ताविकही माझेच. म्हणजे चित्रे त्याची, विषय माझा आणि स्तुतीही माझी, असा तो सगळा घरचा मामला होता. अशा माणसाने त्याच प्रदर्शनावर समीक्षा लिहू नये, हा संकेत मला ठाऊक आहे. तरीही लिहितो आहे. कारण त्या प्रदर्शनात जो दोष राहिला त्याचे मूळ माझ्या प्रास्ताविकात होते, आणि ते ज्याने लिहिले त्यानेच खोडणे बरे.

घर खानापूर तालुक्यात. गावाचे नाव देत नाही. जांभ्या दगडाचा चौथरा, वर मातीच्या जाड भिंती, पुढे सोपा, मग माजघर, देवघर, मागे न्हाणीघर आणि परडे. छप्पर मंगलोरी कौलांचे. आजोबांनी बांधले, त्यांच्या तीन मुलांनी भोगले आणि आम्हा नातवंडांनी सोडले. धाकटी काकी तिथे एकटी राहत होती. २००६ च्या जून महिन्यात मुलाने तिला पुण्याला नेले आणि दाराला कुलूप लागले. त्या कुलपाच्या तीन किल्ल्यांपैकी एक माझ्याकडे आहे. विद्यार्थ्याने मागितली, मी दिली. पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर मीही गेलो होतो.

आधी गुण सांगतो, कारण गुण खरोखर आहेत. हा मुलगा त्या घरात चार वेळा गेला. माजघरात कौले फुटून पडलेल्या जागेतून उजेड उतरतो, तो सकाळी अकराच्या सुमारास खांबावर येतो, हे त्याने बसून पाहिले आणि त्या घटकेची वाट धरली. चुलीच्या धुराने काळा झालेला तो फणसाचा खांब त्याच्या चित्रात असा काही उभा आहे, की त्याच्या अंगावरची तेलकट चमकही हाताला लागावी. देवघरातल्या रिकाम्या कोनाड्याचे एक चित्र आहे. देव नाहीत, समईने भिंतीवर काढलेली काजळीची रेघ तेवढी आहे. या चित्रापुढे मी बराच वेळ उभा होतो. भिंतीवरचे कालनिर्णय २००६ च्या मे महिन्यावर थांबलेले आहे, तेही त्याने टिपले. आणि मुद्दाम मधोमध न घेता एका कडेला, जाता जाता दिसावे तसे घेतले. ही समज शिकवून येत नाही.

आता दोष. सतराव्या क्रमांकाच्या चित्रात माजघराच्या खिडकीत एक फुटकी पाटी टेकवून ठेवलेली दिसते. पाटीवर धूळ, मागे गजातून दिसणारे परड्यातले रान. प्रेक्षक सर्वांत जास्त वेळ याच चित्रापुढे थांबत. एका बाईंनी डोळ्यांना पदर लावलेला मी पाहिला. परंतु ती पाटी तिथे नव्हती. ती माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या पंचांगांखाली होती. मला ठाऊक आहे, कारण पाटी माझीच. मी त्याला एका बाजूला घेऊन विचारले. तो खोटे बोलला नाही. म्हणाला, “सर, ट्रंकेत अंधार होता. खिडकीत उजेड चांगला होता.”

मुख्याध्यापकाच्या सवयीने मी त्याला चार शब्द सुनावले. जे आहे ते दाखव, मांडामांड करू नकोस, वगैरे. तो खाली मान घालून ऐकत होता, आणि त्याच्या मागेच माझ्या प्रास्ताविकाचा फलक होता. त्यावर पहिलेच वाक्य होते: “काळाच्या ओघात ओस पडलेल्या या वास्तूचे मूक निःश्वास तरुण कलावंताने टिपले आहेत.” लिहिताना मला ते फार साधले होते. त्या क्षणी मात्र वाटले, की हीसुद्धा खिडकीत आणून ठेवलेली पाटीच आहे. त्याने एक वस्तू हलवली. मी दोष हलवला. घर काळाने पाडले, असे मी लिहून मोकळा झालो.

घर काळाने पडत नाही. काळाने पडायचे असते तर काकी राहत होती तेव्हाही पडले असते. तेव्हा दर वैशाखात माणूस लावून घर शाकारले जाई. सरकलेली कौले जागेवर बसत, फुटलेली बदलत. रोज चूल पेटे आणि तिचा धूर आढ्यापर्यंत जाऊन वाशांना किडीपासून राखी. जमीन सारवली जाई, म्हणून वाळवीचे घर वेळीच नजरेस येई. कुलूप लागल्यावर पहिल्याच पावसाळ्यात वानरांनी पाच-पंचवीस कौले हलवली. ती बसवायला गवंड्याचा एक दिवस पुरला असता. पण पैसे कोणी द्यायचे? तिन्ही घरांना वाटले, उरलेली दोघे देतील. पाणी मातीच्या भिंतीच्या माथ्यावर पडत राहिले. भिंत वरून भिजते, तशी आतून सुटते. वासा टेकायला जागा उरत नाही, तो घसरतो आणि आपल्याबरोबर आणखी दोनशे कौले नेतो. २०११ च्या श्रावणात न्हाणीघराची बाजू बसली. २०१३ साली चुलतभावांनी वाटणीपत्राचा मसुदा केला. त्यात पुढची बाजू थोरल्या घराकडे जात होती. मला ते पटले नाही आणि मी सही केली नाही. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर कन्नडमध्ये आजही आजोबांचेच नाव आहे. ते वारले त्याला चाळीस वर्षे झाली.

यातले काही त्या चोवीस चित्रांत आहे का? नाही. यातले काही माझ्या प्रास्ताविकात होते का? तेही नव्हते. आणि प्रेक्षक हळहळून घरी गेले. ज्या हळहळीला कोणाचे नाव लागत नाही, ती फार सोयीची असते. तिने कोणाचेच काही बिघडत नाही.

छायाचित्राकडून इतकी अपेक्षा करावी का, असे कोणी विचारील. चित्राने दिसते ते दाखवावे. कारणे सांगणे हे नाटक-कादंबरीचे काम. हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे, म्हणून आधी नाटकाकडेच जाऊ. मराठीत पडत्या घरावरची सर्वांत महत्त्वाची कृती कोणती असे विचारले, तर बहुतेक वाचक महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’चे नाव घेतील. १९८५ साली विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आले. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही दोन नाटके त्याला जोडली गेली आणि १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी तिन्ही एकत्र सादर केली. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा तो वाडा. या नाटकाबद्दल बोलताना आपण सर्रास म्हणतो, की त्यात काळाच्या तडाख्यात सापडलेल्या सरंजामी कुटुंबाचे चित्रण आहे. हेही तसे माझ्या फलकासारखेच वाक्य झाले. नाटक नीट वाचले तर एलकुंचवार काळावर फारसे काही ढकलत नाहीत, असे दिसते. तात्याजी गेले आहेत आणि त्यांचे दिवस घराण्याच्या इतमामाने करायचे, हा हट्ट भास्करचा आहे. पैसा नसताना तो खर्च करायचा, हा निर्णय आहे. प्रभाला शिकू दिले नाही, हाही निर्णय आहे. चंदूला आयुष्यभर घरगड्यासारखे राबवले, हा तिसरा. दागिने कोणाच्या ताब्यात आहेत, हे प्रत्येकाला नेमके ठाऊक आहे. अंगणातला बंद पडलेला ट्रॅक्टर कोणी हलवत नाही. अंधारात येणाऱ्या-जाणाऱ्याला तो लागतो, तरी तिथेच गंजतो. आणि आतून दादी सारखी विचारते, किती वाजले म्हणून. घरात काळाची चौकशी करणारी ती एकटीच, आणि तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष नाही.

वाडा पडतो तो असा, एकेका माणसाच्या एकेका वागण्याने. नाटककाराने एकालाही खलनायक केलेले नाही, पण एकालाही हिशेबातून सोडलेले नाही. म्हणून प्रेक्षागृहातून बाहेर पडताना हळहळ वाटतेच, शिवाय आपल्या घरातला ट्रॅक्टर कोणता, हा प्रश्नही बरोबर येतो.

नाटकाला संवाद असतात, छायाचित्राला नसतात, हे खरे. तरी चित्राला हिशेब ठेवता येतच नाही, असे नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात, सांगे तालुक्यात कुर्डी नावाचे गाव होते. मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म तिथला, १९०४ चा. साळावली धरणासाठी १९८० च्या दशकात ते गाव उठले. तीन हजारांच्या आसपास माणसे वालकिणी आणि वाडे येथील वसाहतींत गेली. तिथले प्राचीन महादेवाचे देऊळ दगड दगड सुटा करून दुसरीकडे पुन्हा उभारले गेले; माणसांची घरे मात्र पाण्याखाली राहिली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्या घरांचे चौथरे वर येतात. दर वर्षी वर्तमानपत्रांत त्यांची चित्रे छापून येतात: भेगाळलेली जमीन, वठलेले बुंधे, मोगूबाईंच्या घराचे अवशेष. चित्रे सुंदर असतात. पण त्याच मे महिन्यात कुर्डीची माणसे तिथे परत येतात, सोमेश्वराच्या देवळापाशी उत्सव करतात, ख्रिस्ती कुटुंबे आपल्या चॅपेलची फेस्त करतात. सौम्यानंद साही यांनी २०१६ मध्ये ‘रिमेंबरिंग कुर्डी’ हा माहितीपट केला, त्यात त्यांनी या माणसांनाच बोलते केले. भेगाळलेल्या जमिनीचे चित्र पाहून वाटते, गाव बुडाले. माणसांचे चित्र पाहिले की कळते, गाव बुडवले गेले; कशासाठी, केव्हा, आणि त्या मोबदल्यात कोणाला काय मिळाले. चित्र तेवढेच बोलके, पण कॅमेरा कोणाकडे वळवला त्याने अर्थ बदलतो.

हा वाद आपल्याकडचाच नाही. अमेरिकेतले डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. १९५० साली तिथे साडेअठरा लाखांच्या आसपास वस्ती होती. २०१० च्या गणनेत ती सव्वासात लाखांहून खाली आली. कारखाने गेले, गोरी वस्ती उपनगरांत गेली, आणि हजारो घरे, शाळा, नाट्यगृहे रिकामी पडली. यीव्ह मार्शां आणि रोमें मेफ्र या दोघा फ्रेंच तरुणांनी तिथल्या भग्न इमारतींची भव्य छायाचित्रे काढली. २०१० मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि जगभर वाखाणले गेले. त्या सुमारास अशा चित्रांविरुद्ध डेट्रॉइटमधून तक्रारीचा सूर निघाला. त्यांचे म्हणणे असे, की तुम्ही आमच्या पडझडीची शोभा केलीत, पण शेजारच्या घरात राहणारे आम्ही तुमच्या चित्रांत कुठेच नाही. तिथले मिशिगन सेंट्रल रेल्वे स्थानक १९८८ मध्ये बंद झाले आणि या प्रकारच्या चित्रांचे जणू दैवतच बनले. ते चित्र पाहून कोणीही म्हणाले असते, की ही इमारत संपली. २०१८ मध्ये फोर्ड कंपनीने ती विकत घेतली आणि दुरुस्त होऊन २०२४ च्या जूनमध्ये ती लोकांसाठी पुन्हा उघडली. इमारत संपली नव्हती. तिच्यावर खर्च करण्याचा निर्णय तेवढा कोणी घेतलेला नव्हता.

मग या प्रकारचे चित्रण करूच नये काय? तसे मी म्हणत नाही. पॅरिसमध्ये ओझेन आत्झे नावाचा छायाचित्रकार होऊन गेला. १९२७ साली वारला. जुने पॅरिस पाडले जात असताना तो जड कॅमेरा खांद्यावर टाकून तीसएक वर्षे गल्लीबोळांतून हिंडला. जिने, दारे, अंगणे, दुकानांच्या पाट्या टिपत राहिला. त्याची बरीच चित्रे निर्मनुष्य आहेत. पण तो स्वतःला कलावंत म्हणवत नसे. मी दस्तऐवज करतो, असे म्हणे. चित्रांवर जागेचे नाव-पत्ता लिहून ठेवी. १९२० मध्ये फ्रेंच सरकारने त्याच्या अडीच हजारांवर काचा दहा हजार फ्रँकला घेतल्या, त्या दस्तऐवज म्हणूनच. आज त्याची चित्रे थोर कला मानली जातात. पत्ता लिहिल्याने त्यांच्या सौंदर्याला कुठे उणेपणा आलेला दिसत नाही.

आमच्या घराचे एक जुने छायाचित्र आहे, १९५८ चे, थोरल्या आत्याच्या लग्नातले. छायाचित्रकार बेळगावहून तीन पायांचा कॅमेरा घेऊन आला होता, असे वडील सांगत. छायाचित्रणात बेळगावची परंपरा जुनी. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद येथे आले असताना त्यांचे जे छायाचित्र निघाले, ते इथल्याच एस. महादेव अँड सन या स्टुडिओतले. तर त्या १९५८ च्या चित्रात सोप्यापुढे बेचाळीस माणसे आहेत. मी मोजली आहेत. पुढे मुले मांडी घालून, मागे बायका, त्यांच्या मागे पुरुष, आणि सर्वांच्या डोक्यांवर घराची जेमतेम एक पट्टी: चार कौले आणि अर्धा खांब. त्या दिवशी घराचे चित्र काढावे असे कोणाच्या मनातही आले नाही. घरात माणसे होती, तेव्हा चित्रात घर नव्हते. आता चोवीस चित्रांत घर आहे आणि माणूस एकही नाही.

पहिल्या दिवशी आम्ही घर उघडले तेव्हा शेजारची म्हातारी कुंपणाशी आली होती. तिने आधी विचारले, “घर इकायचं ठरलं काय?” नाही म्हटल्यावर फोटो बघायला मागितले. मुलाने कॅमेऱ्यावर तिला एकेक दाखवला. तिने सगळे नीट पाहिले आणि मला विचारले, “आरं, ह्यात तुझी काकी कुठं हाय?” मी हसून म्हटले, काकी पुण्याला असते. ती काही बोलली नाही. पुढे प्रदर्शन भरले, लोकांनी वाखाणले, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. पण या चित्रांवरची खरी समीक्षा त्या म्हातारीने पहिल्याच दिवशी करून टाकली होती. एम.ए.ला साहित्यशास्त्र शिकलेल्या मला ती कळायला तीन महिने लागले.

हे सारे मी त्या विद्यार्थ्यासमोर बोललो. त्याला वाईट वाटेल असे वाटले होते, पण तो उलट उत्साहाने कामाला लागला. दिवाळीनंतर हेच प्रदर्शन गावात, देवळाच्या सभामंडपात लावायचे ठरले आहे. पाटीचे चित्र त्याने काढून टाकले आणि पुन्हा जाऊन पाटी ट्रंकेतच, पंचांगांखाली अर्धी दिसेल अशी टिपली. उजेड कमी आहे. चित्र पूर्वीइतके देखणे नाही. मला ते अधिक आवडले. प्रत्येक चित्राखाली मराठीत आणि कन्नडमध्ये दोन-दोन ओळी असतील. कन्नड मजकूर त्याचा, मराठी माझा. चुलीच्या खांबाखाली काकीचे नाव येईल. न्हाणीघराच्या पडक्या भिंतीखाली २०११ हे साल येईल. शेजारच्या म्हातारीला तिने कुंपणाशी उभे राहून आपला फोटो काढू दिला आहे, तो पंचविसावा. आणि दाराशी, माझा फलक होता त्या जागी, १९५८ चे ते बेचाळीस माणसांचे चित्र मोठे करून लावायचे आहे.

प्रास्ताविक मी नव्याने लिहिले आहे. ते असे: “हे घर आमच्या आजोबांनी बांधले. २००६ पर्यंत यात माणसे राहत होती. त्यानंतर सरकलेली कौले आम्ही बसवली नाहीत, म्हणून भिंती पडल्या. वाटणीपत्रावर सही न करणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही आहे.” यात निःश्वास नाहीत आणि काळाचा ओघही नाही. विद्यार्थ्याने वाचून विचारले, “सर, शेवटचे वाक्य ठेवायचे?” मी म्हटले, ठेव.

सहीचे पुढे काय, असे वाचक विचारतील. तो त्यांचा हक्कच आहे. २०१३ चा मसुदा मी थोरल्या चुलतभावाकडून पुन्हा मागवला आहे. पाकीट गेल्या आठवड्यात आले. पुढच्या बाजूबद्दलचे माझे म्हणणे आजही मला बरोबर वाटते. पण ती पुढची बाजूही आता वरून भिजू लागली आहे.